तेराचे तीन

दोस्तांनो, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. वहीचा एक कोरा कागद आडवा धरा. डाव्या बाजूला पेनाने एक छोटी फुली काढा. तिच्या उजवीकडे, बरोबर ८ सेंटिमीटरवर, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढा.

काढलात? आता डावा डोळा तळहाताने अलगद झाका. (दाबायचा नाही हं!) उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा. हात लांब करून कागद धरा आणि हळूहळू जवळ आणा. ठिपका डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहील, पण त्याच्याकडे बघायचा मोह आवरा. नजर फुलीवरच. कागद साधारण फूटपट्टीच्या अंतरावर आला, की ठिपका गायब! आणखी जवळ आणा. आला परत!

पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा करून बघा. मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. जमलं तेव्हा मात्र मी इतकी जोरात ओरडले होते, की आजी पोथी टाकून धावत बाहेर आली होती.

ही गोष्ट १९९७ सालची. मी वाईला नववीत शिकत होते. आदल्या वर्षीच मला चष्मा लागला होता आणि त्याचं मला फार दुःख होतं. अशातच शास्त्राच्या तासाला बाईंनी डोळ्याचा पाठ शिकवला आणि फळ्यावरच्या आकृतीत एका जागेवर खडू टेकवून म्हणाल्या, "हा अंधबिंदू. इथं पडलेलं काहीही आपल्याला दिसत नाही." मला वाटलं, झालं! एक तर चष्मा, त्यात डोळ्याला भोकही! मी हात वर केला आणि विचारलं, "बाई, चष्मा असणाऱ्यांचा अंधबिंदू मोठा असतो का हो?"

वर्गात हशा पिकला. पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तू मोजून सांग."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन अडीच महिन्यांवर आलं होतं. अशा रीतीने एका प्रश्नाचा माझा प्रकल्प झाला. माझी बाकावरची मैत्रीण जोडीदार झाली आणि बाई मार्गदर्शक. मी उत्साहाने घरी जाऊन रंगीत स्केचपेनने मुखपृष्ठ तयार केलं : 'डोळा : निसर्गाचे अनमोल वरदान'. बाईंनी ते पाहिलं, शांतपणे बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "हा निबंध झाला. आपल्याला प्रकल्प करायचाय. कोणाचं मोजणार, काय मोजणार आणि कशानं मोजणार, एवढं तीन ओळींत लिहून आण."

त्या तीन ओळी लिहायला मला चार दिवस लागले!

आधी तुम्हाला हा अंधबिंदू असतो तरी का, ते सांगते. आपल्या डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. बाहेरच्या जगाचं चित्र त्यावर पडतं आणि तिथून ते मेंदूकडे जातं. कशातून? तर नसेच्या तंतूंतून. असे साधारण दहा लाख तंतू एका डोळ्यात असतात. आता गंमत बघा. घरात लाईटच्या वायरी भिंतीवरून, म्हणजे खोलीच्या बाजूने नेलेल्या असल्या, तर बाहेर काढायला भिंतीला कुठे तरी एक भोक पाडावंच लागतं. आपल्या डोळ्यात तसंच आहे. सगळे तंतू पडद्याच्या पुढच्या अंगावरून येतात, एका जागी गोळा होतात आणि तिथून पडदा भेदून मागे जातात. ती जागा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. पण तिथे बघणाऱ्या पेशीच नाहीत. मग दिसणार कसं? ऑक्टोपसच्या डोळ्यात मात्र वायरी भिंतीच्या मागून नेलेल्या आहेत. त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही. आहे की नाही भाग्यवान?

ही जागा पहिल्यांदा शोधून काढली फ्रान्समधल्या एडमे मारिओत या शास्त्रज्ञाने. १६६८ साली त्याचं हे लिखाण प्रसिद्ध झालं. त्याला वाटलं होतं, जिथे नस डोळ्याला मिळते, तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसत असणार. म्हणून त्याने भिंतीवर नजरेच्या उंचीला एक कागद लावला, त्याच्या उजवीकडे सुमारे दोन फुटांवर दुसरा लावला, डावा डोळा मिटला आणि पहिल्या कागदाकडे बघत बघत मागे सरकत गेला. नऊ-दहा फुटांवर दुसरा कागद नाहीसाच झाला! जिथे सर्वांत जास्त दिसायला हवं होतं, तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याचा अंदाज साफ चुकला होता. पण गड्याने तो लपवला नाही. उलट तोच त्याचा शोध ठरला. मारिओतची ही गोष्ट बाईंनी आम्हांला अगदी सुरुवातीलाच सांगितली होती. ती का सांगितली, हे मला फार उशिरा कळलं.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स या युक्तीने दरबाऱ्यांची डोकी 'उडवायचा', असंही सांगतात. आम्ही हे वर्गात सांगायला नको होतं! दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला अर्धा वर्ग डाव्या डोळ्यावर हात ठेवून सरांच्या बाजूच्या भिंतीकडे एकटक बघत बसला होता. सर गोंधळून म्हणाले, "काय रे, सगळ्यांचे डोळे आलेत की काय?"

आता मोजायचं कसं? आम्ही ड्रॉइंगचा मोठा कागद प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला. त्यावर फुली काढली. आईची विणकामाची एक पांढरी सुई घेतली आणि तिच्या टोकाला काळा ठिपका केला. समोर स्टूल ठेवलं. मुलाने एक डोळा झाकायचा, फुलीकडे बघायचं, मी सुई फुलीपासून हळूहळू बाहेर सरकवायची. ठिपका गेला की त्याने "गेला" म्हणायचं, परत दिसला की "आला". तिथे मी पेन्सिलीने खूण करायची. आडवं झालं की अंधबिंदूच्या मध्यापासून वर आणि खाली सुई नेऊन पुन्हा तसंच. म्हणजे अंधबिंदूच्या चार कडा मिळाल्या.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या बारा मुलांच्या नोंदी आम्हांला फेकून द्याव्या लागल्या. का, तर मुलं बोलता बोलता पुढे वाकत होती. अंतर बदललं की खूणही सरकते. मग बाईंनी स्टुलासमोर टेबल ठेवलं, त्यावर जाड पुस्तकांची चळत रचली आणि हनुवटी त्यावर टेकवायची असा नियम केला. डोळा ते कागद अंतर बरोबर ५० सेंटिमीटर. ते दर वेळी दोरीने मोजायचं.

पुढची अडचण म्हणजे नजर. सुई हलली की डोळा तिच्यामागे धावतोच. मग मैत्रिणीने कागदाच्या शेजारी उभं राहून फक्त डोळ्याकडे बघायचं ठरलं. नजर हलली की ती "हलली!" म्हणायची आणि ती नोंद रद्द व्हायची. तिसरी अडचण अशी, की सुई आतून बाहेर नेली तर एक खूण यायची आणि बाहेरून आत आणली तर दुसरीच. कारण ठिपका गेला हे कळून तोंडातून "गेला" निघेपर्यंत सुई थोडी पुढे गेलेली असायची. मग दोन्हीकडून मोजून सरासरी काढायला लागलो. आणखी एक म्हणजे, मोजायच्या आधी प्रत्येक मुलाच्या घरून सहीची चिठ्ठी आणायची. मला ते उगाचच वाटायचं. बाई म्हणायच्या, "डोळा त्याचा आहे, आपला नाही. विचारून हात लावायचा."

आणि शेवटचा नियम नोंदवहीचा. सगळ्या नोंदी पेनाने, जागच्या जागी लिहायच्या. चूक झाली तर खोडरबर नाही, शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला नवा लिहायचा. "वहीला सगळं आठवलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

महिनाभरात आमच्या वर्गातल्या चाळीस जणांचे ऐंशी डोळे मोजून झाले. त्यांत नऊ जण चष्मेवाले होते. फुलीपासून साधारण ११ सेंटिमीटरवर ठिपका जायचा आणि १६ सेंटिमीटरवर परत यायचा. त्रिकोणमिती अजून शिकवली नव्हती, म्हणून बाईंनी प्रमाणात आकृती काढून कोनमापक लावायला सांगितलं. अंधबिंदूचा मध्य नजरेच्या रेषेपासून साधारण १५ अंश बाहेरच्या बाजूला, रुंदी पाच-साडेपाच अंश. पुस्तकातही जवळपास तेच आकडे होते. वाईच्या शाळेत आईच्या सुईने मोजलेलं आणि जाडजूड पुस्तकात छापलेलं जुळलं, तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! माझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. चष्मेवाले आणि बिनचष्मेवाले यांच्यात आमच्या सुईला तरी काही फरक सापडला नाही. मला केवढं हायसं वाटलं!

बाई म्हणाल्या, "आता पाच मोठी माणसंही मोजा. मुलांचं आणि मोठ्यांचं सारखं येतं का, ते बघू." बाई स्वतः, गणिताचे सर, ऑफिसातले क्लार्क आणि ग्रंथालयाच्या बाई असे चार झाले. पाचवं कोणी मिळेना.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन प्रयोगशाळेला कुलूप लावायला आले. मामा तेव्हा पन्नाशीचे असतील. शाळेची घंटा त्यांच्या हातची. दारात उभं राहून ते आमचं बघत होते. म्हणाले, "ताई, मला बी खेळवा की ह्यो खेळ."

आम्ही त्यांना बसवलं. डावा डोळा अगदी छान झाला. ११ ला गेला, १६ ला आला, वर ३, खाली ४. मग उजवा. आडवं नीट आलं. मी सुई वर न्यायला लागले.

"आला का, मामा?"

"नाय."

तीन झाले, चार झाले, सहा झाले.

"आता?"

"अजून बी नाय."

सुई कागदाच्या वरच्या कडेला टेकली. तेरा सेंटिमीटर. ठिपका आलाच नव्हता. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "नजर नाही हलली त्यांची. मी बघत होते."

मी वहीत '१३' लिहिलं. पण मनातून माझं ठरूनच गेलं होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला नाही जमलं बहुतेक."

मामा ओशाळं हसले. "असल्यात आपलं डोस्कं नाय चालत, ताई," असं म्हणाले आणि जुडगा उचलून खिडक्या लावायला गेले.

त्या रात्री मी पक्का तक्ता करायला बसले. मोठ्या माणसांचा रकाना असा होता : ३, ४, ३, ३, १३. किती घाण दिसत होतं ते! सरासरी बिघडत होती, आलेख बिघडत होता. पुन्हा बोलावून मोजायला सोमवार उजाडायची वाट बघायला हवी होती. आणि मोजायचं तरी कशाला? मामांना काय करायचं ते कळलंच नसणार. खरा आकडा तीनच असणार, जसा सगळ्यांचा आहे. मी दादाच्या दाढीच्या पेटीतून ब्लेड आणलं आणि कच्च्या वहीतल्या '१३' मधला '१' हलक्या हाताने खरवडून टाकला. राहिला '३'. दोन मिनिटांचं काम. मग मी झोपले. सांगायला लाज वाटते, पण झोपही चांगली लागली.

पाच दिवस गेले. गुरुवारी बाईंनी तक्ता तपासायला घेतला आणि म्हणाल्या, "कच्ची वही दे." मी दिली. बाई एकेक आकडा ताडून बघत होत्या. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी बोटाने कागद चाचपला. मग काही न बोलता उठल्या आणि पान खिडकीच्या उजेडाला धरलं. '३' च्या डावीकडे कागद पातळ झाला होता. तिथून उजेड येत होता.

"हे काय?"

"बाई, ते चुकलं होतं."

"कोण चुकलं होतं?"

मी गप्प. मैत्रीण खाली बघत होती. शेवटी मी सगळं सांगितलं. मामांना कळलं नसेल, म्हणून मी दुरुस्त केलं, असंही म्हटलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलानं तेरा सांगितलं असतं, तर काय केलं असतंस?"

"पुन्हा मोजलं असतं," मी म्हटलं. आणि माझंच उत्तर माझ्या कानांवर पडलं.

बाई म्हणाल्या, "अगं, अंधबिंदूच्या जागी आपल्याला भोक का दिसत नाही, हे तूच तक्त्यावर लिहिलंयस ना? आजूबाजूला जे असेल, तेच मेंदू तिथं भरून टाकतो. कागद पांढरा असेल तर पांढरं, पिवळा असेल तर पिवळं. तूही तेच केलंस. आजूबाजूला तीन होते, म्हणून तिथं तीन भरलास. डोळ्याला माफ आहे, त्याला दुसरं काही करता येत नाही. तुला येतं."

त्याच दिवशी दुपारी बाईंनी मामांना बोलावलं. काय झालं ते सांगितलं नाही. "माझ्यासाठी एकदा परत बसता का?" एवढंच म्हणाल्या. या वेळी सुई बाईंच्या हातात होती. आधी चांगला डोळा, मग उजवा. कागद वर आणखी वाढवला होता. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सुई वर गेली, तरी ठिपका दिसेना. बाईंनी सुई वरून कमानीसारखी फुलीच्या डोक्यावर आणली. बराच वेळ मामा "नाय, नाय" म्हणत राहिले.

बाईंनी सुई खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मामा, आम्ही काही डॉक्टर नाही. आणि हा शाळेतला कागद आहे, तपासणीचं यंत्र नाही. पण तुम्ही साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. ह्या आठवड्यातच."

मामा म्हणाले, "पण बाई, मला तर समदं झक्क दिसतंय की!"

पुढच्या आठवड्यात मामा एसटीने साताऱ्याला गेले, सोबत त्यांचा मुलगा होता. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून आत बघितलं, डोळ्यातला दाब मोजला. उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. काचबिंदूत डोळ्याची नस, तीच दहा लाख तंतूंची, हळूहळू मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. बहुतेकांना कळतही नाही, कारण एका डोळ्याला जे दिसत नाही, ते दुसरा डोळा बघून देतो आणि उरलेलं मेंदू भरून टाकतो. गेलेली नजर परत येत नाही. पण वेळेवर थेंब सुरू केले, तर राहिलेली बहुतेक वेळा राखता येते. मामांचा डावा डोळा चांगला होता. उजव्याचा वरचा तुकडा गेला होता, तेवढाच. सकाळ-संध्याकाळ थेंब सुरू झाले.

हे कळलं त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर मामांकडे गेले. ते व्हरांडा झाडत होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही तेरा सांगितलं होतं. मी त्याचे तीन केले."

त्यांना आधी कळेना. मी पुन्हा सगळं सांगितलं. मामा झाडूवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, मलाच खेळता आलं नाय."

दोस्तांनो, त्यांनी मला एक शब्दही बोलला नाही. पण ते वाक्य मी आजही विसरले नाही. ते खरं सांगत होते, आणि मी त्यांनाच पटवून आले होते की तुम्ही चुकलात!

प्रदर्शनाच्या तक्त्यावर बाईंनी खाली एक टीप लिहायला लावली. मामांना विचारून, त्यांचं नाव न घालता : 'एका प्रौढ व्यक्तीची नोंद इतरांपेक्षा वेगळी आली. ती आम्ही प्रथम खोडली होती. ती आमची चूक होती. पुन्हा मोजून खरी नोंद दिली आहे.' परीक्षक आले, तेव्हा ती टीप मलाच मोठ्याने वाचून दाखवायची होती. माझा आवाज थरथरत होता. एका परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?" मी खरं तेच सांगितलं, "नाही सर, बाईंनी लिहायला लावलं." ते हसले आणि पुढे गेले. पहिलं बक्षीस धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीला मिळालं. आम्हांला उत्तेजनार्थ.

पुढे मी डोळे तपासण्याचंच शिक्षण घेतलं. तिथे अभ्यासात एक नाव आलं आणि मी वाचता वाचता थांबले. यानिक बियेरुम नावाचे डोळ्यांचे डॉक्टर डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला होते. १८८९ साली त्यांनी काचबिंदूच्या रुग्णांची नजर एका नव्या पद्धतीने तपासली. कशावर, माहीत आहे? आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराच्या मागच्या बाजूवर! छोटासा पांढरा ठिपका हळूहळू सरकवत ते रुग्णाला 'दिसतो का' विचारत. तेव्हा त्यांना आढळलं, की काही जणांत अंधबिंदूपासून निघून वर किंवा खाली कमानीसारखी वळणारी न दिसणारी जागा असते. आमच्या सुईला मामांच्या डोळ्यात सापडलेली कमान ती हीच! त्यांनीही ज्याचं त्याचं 'नाय, नाय' नीट ऐकून घेतलं असणार, म्हणून तर ती सापडली. आता हीच तपासणी यंत्राने होते. समोरच्या घुमटात बारीक दिवे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचं.

अंधबिंदूच्या जागी मेंदू काय आणि कसं भरतो, याचे सुरेख प्रयोग आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी अमेरिकेत केले. तुम्हीही एक करून बघा. मघाच्या कागदावर ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ मारा. पुन्हा तसंच बघा. ठिपका जाईल, पण रेघ तुटलेली दिसणार नाही, सलग दिसेल. तिथली रेघ तुम्हाला डोळ्याने दिसलेलीच नाही. ती मेंदूने काढलेली आहे.

मुलांनो, तुम्हीही शाळेत कधी ना कधी प्रकल्प कराल. विकतचं साहित्य लागतंच असं नाही. एक नीट प्रश्न, एक सुई, एक कागद आणि चुका दाखवणारं एक मोठं माणूस एवढं पुरतं. आकडे जुळले की आनंद होतो, तो जरूर घ्या. पण एखादा आकडा रांगेत बसेना, तर ब्लेड शोधू नका. पुन्हा मोजा. आणि तो ज्याने सांगितला, त्याच्याजवळ जाऊन पुन्हा विचारा.

आणि हा अंक तुमच्याबरोबर वाचणाऱ्या आई-बाबांना माझ्याकडून एक निरोप द्या. चाळिशी ओलांडली असेल, तर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्याची नस आणि दाबही तपासून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर नक्कीच. सगळं झक्क दिसत असलं तरी! आणि मुलांचा घरगुती कागदाचा प्रयोग जमला, म्हणून डोळा चांगला आहे असं समजू नका. तो खेळ आहे, तपासणी नव्हे.

मामा २००६ साली निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीची घंटा त्यांनीच दिली. मी तेव्हा मुद्दाम वाईला आले होते. समारंभ झाल्यावर मामांनी सदऱ्याच्या खिशातून थेंबांची बाटली काढून मला दाखवली आणि म्हणाले, "ताई, एक दिस चुकवला नाय."

ती कच्ची वही माझ्याकडे अजून आहे. शेवटच्या पानावर '३' वर एक आडवी रेघ आहे आणि बाजूला बाईंच्या समोर मी लिहिलेले '१३'. पान उजेडाला धरलं, की खरवडलेल्या जागेतून अजून प्रकाश येतो.